पान त्रेचाळीस

छापखान्यात तिला मागून सगळे 'काना-मात्रा' म्हणत. तोंडावर अर्थातच 'बाई'. पण मशीनच्या खोलीतून "अरे, काना-मात्राला दाखवल्याशिवाय चढवू नकोस" अशी हाक आली की ती तिलाही ऐकू जाई, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. सत्तावीस वर्षं ती मुद्रितं तपासत होती. शाळेची पुस्तकं, मतदारांच्या याद्या, औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवतात त्या बारीक अक्षरांच्या चिठ्ठ्या, जे येईल ते. खिडकीजवळचं टेबल, डाव्या हाताला मूळ मजकूर, उजव्या हाताला मुद्रित, मध्ये लाकडी पट्टी आणि लाल पेन. पट्टी एकेक ओळ खाली सरकायची, आणि चूक तिच्या नजरेतून सुटली असं क्वचितच व्हायचं.

आई-वडील लवकर गेले तेव्हा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा होता. त्याला तिनेच वाढवलं. स्वतःच्या लग्नाचं आज करू, उद्या करू म्हणता म्हणता ते राहूनच गेलं. भाऊ मोठा झाला, धरणावर नोकरीला लागला, संसाराला लागला. धरणाचे दरवाजे चालवणं हे त्याचं काम. पाणी वाढलं की वरून हुकूम यायचा. मग आधी भोंगा द्यायचा, खाली नदीच्या पात्रात असतील ती माणसं वर येईपर्यंत थांबायचं आणि मग दरवाजा उघडायचा. सोळा वर्षं त्याने हे बिनबोभाट केलं. सतराव्या वर्षी एका दुपारी दरवाजा उघडला, आणि पात्रातल्या वाळूत कलिंगडाचे मळे लावणारी चार माणसं वाहून गेली.

भोंगा वाजलाच नाही, असं गावभर झालं. भावाला घरी बसवलं. तो कुणाशी भांडला नाही, कुठे अर्ज-विनंत्या करत फिरला नाही. बहिणीकडे यायचा, खुर्चीच्या कडेवर टेकायचा आणि निघताना एवढंच म्हणायचा, "ताई, मी भोंगा वाजवला होता गं."

"मला माहीत आहे रे," ती म्हणायची.

आठ महिन्यांनी एका सकाळी दाढी करता करता त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. अर्धा गाल साबणाचाच राहिला. चौकशी तेव्हा अजून चालूच होती.

चौकशीचा अहवाल आला तो भाऊ गेल्यावर दीड वर्षाने, आणि आला तो थेट तिच्या टेबलावर.

"बाई, सरकारी काम आहे. दीडशे प्रती." छापखान्याचा मालक जाडजूड फाइल हातात घेऊन उभा होता आणि ती खाली ठेवत नव्हता. "धरणाचं आहे."

तिने मान वर केली.

"दुसऱ्या कुणाला दिलं असतं हो. पण दुसरं आहे कोण? माझं शुद्धलेखन तर तुम्हाला ठाऊक आहे."

"ठेवा."

"फक्त ऱ्हस्व-दीर्घ हं, बाई. मजकुराला हात नाही लावायचा."

"सत्तावीस वर्षांत कधी लावलाय?"

मालकाने फाइल ठेवली, उगाचच तिच्यावरची नसलेली धूळ झटकली आणि गेला.

पान त्रेचाळीसवर निष्कर्ष होता. 'वरील सर्व पुराव्यांवरून हे निर्विवाद सिद्ध होते की, दरवाजा चालकाने भोंगा वाजवला नाही.' तिने ती ओळ पट्टी लावून वाचली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. तिने ती पुन्हा वाचली. मग पेनाला टोपण लावलं, आणि इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. तिने मजकूर खरा आहे की नाही, हे बघायला सुरुवात केली.

'वरील सर्व पुरावे' म्हणजे कोणते? पान एकोणचाळीसवर ते दिले होते. वर्तमानपत्रातली बातमी, विभागाच्या अभियंत्याचं निवेदन आणि पाच गावकऱ्यांचे जबाब. म्हणजे तीन बाजूंनी एकच गोष्ट सांगितली जात होती. कुणालाही पटावं असंच. तिने मागची परिशिष्टं काढली आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडली.

बातमी दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशीची होती. 'अभियंत्यांनी दिलेल्या माहितीनुसार भोंगा वाजला नाही.' अभियंता त्या दिवशी धरणावर नव्हताच, शहरात बैठकीला होता. मग त्याला कसं कळलं? त्याचं निवेदन नऊ दिवसांनंतरचं. त्यात लिहिलं होतं, 'वृत्तपत्रातील बातमीवरून व ग्रामस्थांच्या सांगण्यावरून असे समजते की...' तिने दोन्ही कागदांवर एकेक बोट ठेवलं. बातमी म्हणते, अभियंता सांगतो. अभियंता म्हणतो, बातमी सांगते. दोघं एकमेकांच्या पाठीमागे लपले होते.

राहिले गावकरी. पाच जण, पाच सह्या. पाचही जबाबांत एकच वाक्य होतं, 'मी अंगणात बसलेलो असताना भोंग्याचा आवाज मुळीच ऐकु आला नाही.' ऐकु, ऱ्हस्व. पाचही ठिकाणी ऱ्हस्व. ती लगेच हुरळली नाही. जबाब लिहून घेणारा कारकून एकच असेल, त्याची ती खोड असेल, असं तिने स्वतःला बजावलं. मग त्याच कारकुनाने लिहून घेतलेले बाकीचे अकरा जबाब तपासले. सगळीकडे 'ऐकू' दीर्घ होतं. म्हणजे हे पाच जबाब माणसांच्या तोंडून आले नव्हते. एका कागदावर कुणीतरी एक नमुना लिहून दिला होता आणि त्याची पाचदा नक्कल झाली होती. आणि पाचही जणांचं गाव नकाशावर कुठे होतं? टेकडीच्या पलीकडे. तिथून भोंगा ऐकू येतो का, हे कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. शिवाय ऐकू आला नाही म्हणजे वाजला नाही, हे तरी कुठून आलं?

कधी नव्हे ते त्या दिवशी ती जेवायचा डबा न उघडताच घरी गेली, आणि वाटेत भावजयीकडे वळली. भावजय शिवणयंत्रावर बसली होती. शेजारीपाजारी तिला कपडे शिवायला देईनासे झाले होते, तरी ती जुन्या चादरींना का होईना, टीप मारत बसायची. तेरा वर्षांची भाची खिडकीत अभ्यासाला. शाळेत तिच्या बाकावर कुणीतरी खडूने 'बुडवे' असं लिहिलं होतं. ते तिने घरी सांगितलं नव्हतं, आत्याला सांगितलं होतं.

"खोटं आहे सगळं," ती दारातूनच म्हणाली. "कागदावर दिसतंय. मी दाखवू शकते."

भावजयीने यंत्राचं चाक हाताने थांबवलं. "मी तेच म्हणत होते, वन्सं. पहिल्या दिवसापासून." आणि पदर तोंडाला लावून ती रडली. दीड वर्षात पहिल्यांदा रडली.

तिने साडेचार पानांचं टिपण लिहिलं आणि चौकशी अधिकाऱ्याकडे गेली. म्हातारा माणूस. त्याच्याकडे चष्मे दोन होते, एक वाचायचा आणि एक माणसांकडे बघायचा, आणि बोलता बोलता तो ते सारखे बदलायचा. लांबचा चष्मा लावून त्याने तिला न्याहाळलं.

"छापखान्यातून आलात म्हणता. आणि चालक तुमचा कोण?"

"भाऊ. धाकटा."

"मग बाई, तुमच्या म्हणण्याला मी काय वजन द्यायचं?"

"माझ्या म्हणण्याला नका देऊ," ती म्हणाली. "पान एकोणचाळीस उघडा. मग मागचं परिशिष्ट तीन आणि पाच. मी इथे नाही असं समजा आणि वाचा."

त्याने जवळचा चष्मा लावला. तो बराच वेळ वाचत राहिला. भिंतीवरचं घड्याळ मोठ्याने चालत होतं. 'ऐकु' वर त्याने पेन्सिलीने एक गोल काढला, मग दुसरा, मग पाचही. त्याचे कान लाल झाले.

"हे मी सही करून दिलंय," तो स्वतःशीच म्हणाला.

जखमेवर मीठ चोळायचा तिचा स्वभाव नव्हता.

"ठीक," तो म्हणाला. "हा पुरावा टिकत नाही. कबूल. पण एक सांगा. भोंगा वाजला, हे कशावरून?"

"भाऊ सांगायचा."

"तेही एकाच तोंडून आलं. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याच. दुसरं कुणी ऐकलं?"

तिने आपल्या टिपणाची पानं उलटली; त्यात असं एकही नाव नव्हतं.

"माझा पुरावा पडला म्हणजे तुमची गोष्ट उभी राहिली असं होत नाही ना," तो म्हणाला. आवाजात खोच नव्हती. "छपाई दहा दिवस थांबवतो. कुणी ऐकणारं सापडलं तर आणा."

पायऱ्या उतरताना तिला त्या म्हाताऱ्याचा राग आला. मग तो रागही उतरला, कारण तो म्हणत होता ते बरोबर होतं.

वाहून गेलेल्या चार माणसांत दोघं सख्खे भाऊ होते. थोरल्याची बायको त्या दिवशी मळ्यातच होती आणि एकटी वाचली, एवढं अहवालात एका ओळीत होतं. 'पाय मोडल्याने रुग्णालयात, जबाब घेता आला नाही.' नंतर कुणी घ्यायलाही गेलं नव्हतं. ती बाई आता नदीपासून लांब, मंडईच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहायची आणि दारात बसून फळं विकायची. कलिंगड सोडून बाकी सगळी.

"मी दरवाजावाल्याची बहीण," ती म्हणाली. लपवून विचारणं तिला जमलं नसतं.

फळवालीने तिच्याकडे नुसतं बघितलं. मग हातातलं फडकं झटकलं आणि बसायला खोकं पुढे सरकवलं.

"गेला ना तो?"

"हो. वर्ष होऊन गेलं."

"ऐकलं होतं मी. वाईट वाटलं." ती खरंच म्हणत होती. "उन्हाळ्यात मळ्यावर यायचा कधीमधी. घासाघीस करायचा नाही. लेकीला गोड लागतं म्हणायचा."

बहिणीने विचारलं, "त्या दिवशी भोंगा वाजला होता का?"

"वाजला की."

तिने डोळे मिटून घेतले. दोन वर्षं छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला असं वाटलं. "तुम्ही स्वतः ऐकलात?"

"स्वतः म्हणजे? कान फुटायची वेळ. मी माचणावर होते, पाखरं हाकायला. खाली पाणी शिरलेलं. हे ओरडत होते, दोरी टाक, दोरी टाक. मी दोरी सोडत होते तेव्हा वाजायला लागला. मला आठवतंय ना, मी वर धरणाकडे बघून म्हटलं होतं, अरे मेल्या, आता कशाला?"

गल्लीतून एक हातगाडी खडखडत गेली.

"म्हणजे पाणी आधी," ती म्हणाली.

"पाणी आधी."

"घाबरलं की मागचं-पुढचं होतं माणसाचं. नंतर आठवताना..."

"होतं. पण दोरी माझ्या हातात होती. पाणी नसतं तर दोरी कशाला सोडली असती मी?"

तिने आणखी विचारलं. पाणी कुठवर होतं? गुडघ्याच्या वर, कलिंगडं तरंगायला लागली होती. भोंगा कसा होता, सलग की तुटक? नेहमीसारखा सलग नव्हता, धापा टाकल्यासारखा, मध्येच खाली बसणारा. हे तुम्ही आणखी कुणाला सांगितलंत? कुणी विचारलंच नाही. मग तिच्याकडचे प्रश्न संपले. या बाईला खोटं बोलून काही मिळणार नव्हतं. तिला राग नव्हता. ती तिथे होती, तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, कानांनी ऐकलं होतं, आणि तिच्या सांगण्यात एक गोष्ट दुसरीला धरून होती. छापखान्यात बसून त्या पाच जबाबांना लावलेली प्रत्येक कसोटी तिने इथे लावून बघितली, आणि प्रत्येक कसोटीला ही बाई उतरत होती.

निघताना फळवालीने तिच्या पिशवीत चार पेरू टाकले आणि पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन तिने परिशिष्ट सहा काढलं. धरणाच्या नोंदवहीची प्रत, भावाच्या अक्षरातली. सोळा वर्षं त्याने दोन्ही वेळा लिहिल्या होत्या, भोंग्याची वेळ आणि दरवाजाची वेळ. त्या दिवशीच्या नोंदीत दरवाजाची वेळ होती. भोंग्यापुढे नुसतंच 'दिला' असं होतं. ही ओळ तिने पहिल्या दिवशीच पाहिली होती. पट्टी तिथे घुटमळली होती, आणि तिने ती पुढे सरकवली होती. एवढ्या-तेवढ्यावरून अभियंत्याला पकडणारी ती, भावाच्या ओळीवरून मात्र डोळेझाक करून गेली होती. 'मी भोंगा वाजवला होता गं' असं तो कितीदा म्हणाला असेल. एकदाही तिने विचारलं नव्हतं, कधी रे? कदाचित तो त्या एका प्रश्नाचीच वाट बघत खुर्चीच्या कडेवर बसत असेल.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती धरणावर गेली. भावानंतरच्या पाळीला येणारा माणूस तिला ओळखत होता. त्याने तिला वरच्या खोलीत नेलं. दरवाजा उघडायची कळ तिथे होती. विजेचा भोंगाही तिथेच, भिंतीला, पण त्यावर जळमटं होती.

"तो तेव्हाही बंदच होता, ताई. चार महिने. हाताने फिरवायचा भोंगा खाली बुरुजावर." त्याने तिला जिना दाखवला. लोखंडी, अरुंद, कड्याला चिकटून खाली गेलेला. "ब्याऐंशी पायऱ्या. खरं तर माणसं दोन लागतात, एक वर, एक खाली. दुसऱ्या माणसाची जागा भरलीच नव्हती."

"मग त्याने आधी खाली जायला हवं होतं."

तो माणूस इकडे-तिकडे बघायला लागला. "अभियंता साहेबांचा फोन आला होता, शहरातून. ताबडतोब उघड, एक मिनिट थांबू नकोस, भिंतीला धोका आहे. मी पाळी बदलायला येत होतो, शेवटचं ऐकलं मी. तो म्हणाला, साहेब, भोंगा. तिकडून काय म्हणाले ते नाही ऐकू आलं. त्याने कळ दाबली आणि पळाला."

"हे लिहून द्याल?"

"ताई, माझी दोन पोरं आहेत. मी काही सांगितलं नाही, तुम्ही काही ऐकलं नाही."

ती त्याला दोष देऊ शकली नाही. जिना उतरून ती बुरुजावर गेली. हाताचा भोंगा तिने फिरवून बघितला. वेग धरेपर्यंत दोन्ही हात भरून आले, आणि हात ढिला पडला की आवाज लगेच खाली बसायचा, धापा टाकल्यासारखा.

भावजयीला तिने सगळं सांगितलं. न सांगता टिपण पूर्ण करणं तिला बरोबर वाटेना. भाची शाळेत होती. भावजयीने ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं त्या बाईकडे जायला?"

"चौकशीच्या साहेबांनी विचारलं, कुणी ऐकलं का..."

"ते पाच जबाब खोटे ठरले होते ना? झालं की मग! तिथे थांबायचं होतं. कुणाचं काय गेलं असतं?"

"त्या बाईचा नवरा गेलाय. दीर गेलाय. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही."

"आणि माझा? माझा कुठे गेलाय, गावाला?" भावजय उभी राहिली. "फोनचं लिहिणार आहात?"

"तो लिहून द्यायला तयार नाही. पुराव्याशिवाय कसं लिहू?"

"वा! म्हणजे ह्यांच्या विरुद्धचं तेवढं लिहिणार आणि बाजूचं गाळणार."

"विजेचा भोंगा बंद होता, हे अहवालातच आहे, सामानाच्या यादीत. ते लिहीन. माणूस एकच होता, हे हजेरीत आहे. ते लिहीन. फोनचं, असं समजतं, पण आधार नाही, म्हणून लिहीन. त्याहून जास्त मला लिहिता येणार नाही गं."

"वन्सं, तुम्ही जा."

"अगं..."

"जा म्हटलं ना. तुम्हाला तुमचे काना-मात्रा लखलाभ."

हे नाव इथवर पोचलं असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

त्या रात्री नाही आणि दुसऱ्या रात्रीही नाही, तिसऱ्या दिवशी सकाळी छापखाना उघडायच्या आधी येऊन तिने टिपण पुन्हा लिहिलं. मनात दोनदा आलं, फळवालीचं नाव नाही घातलं तर कोण विचारतंय? पाच जबाब खोटे, एवढंच द्यावं आणि मोकळं व्हावं. भाची वर्गात मान वर करून बसेल. तिसऱ्यांदा तो विचार आला तेव्हा तिला त्या पाच जबाबांचा नमुना लिहून देणाऱ्या अनोळखी माणसाची आठवण झाली. त्यालाही त्या दिवशी कुणालातरी वाचवायचंच असेल. तिने फळवालीचा पत्ता लिहिला आणि खाली सही केली.

चौकशी अधिकारी स्वतः त्या गल्लीत गेला, खोक्यावर बसला आणि जबाब घेतला. अहवाल बदलला. पाच जबाब वगळले गेले. अभियंत्याला, दुरुस्ती वेळेत न केल्याबद्दल, 'समज' देण्यात आली. फोनचा उल्लेख कुठेही नव्हता. आणि पान त्रेचाळीसवर आता असं होतं, 'दरवाजा चालकाने भोंगा दरवाजा उघडल्यानंतर वाजवला. भोंग्याची विद्युत यंत्रणा नादुरुस्त होती व चालक एकटा होता, हे नमूद करणे आवश्यक आहे.'

"बाई, हे मी वाचतो," मालक म्हणाला. "चुका राहिल्या तर राहू देत."

"तुम्ही वाचलंत तर राहतीलच," ती म्हणाली आणि हात पुढे केला. 'उघडल्यानंतर'मधला 'नं' सुटला होता. तिने तो घातला.

छापलेली एक प्रत घेऊन ती भावजयीकडे गेली. पाच आठवड्यांत ती त्या दारात गेली नव्हती. दार भाचीने उघडलं. भावजय आत स्वयंपाकघरात होती; भांड्यांचा आवाज थांबला, पण ती बाहेर आली नाही. भाचीने पान शोधलं आणि उभ्यानेच वाचलं.

"म्हणजे बाबांनी वाजवला होता."

"हो."

"पण उशिरा."

"हो."

"वर्गात काय सांगू?"

"जे आहे ते सांग. कुणी विचारलं, कशावरून, तर पान दाखव."

मुलगी पानाकडे बघत राहिली. "आत्या, उघडल्यावर बाबा पळत गेले का गं खाली? की चालत गेले?"

एक माणूस म्हणाला होता, पळाला. पण तो म्हणाला होता, मी काही सांगितलं नाही. तिने त्याला शब्द दिलेला नव्हता, तरी दिल्यासारखाच होता.

"पळत," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

भावजय तिथे उभी होती, हात ओले, डोळे जमिनीकडे. "त्या दिवशी घरी आले तेव्हा दोन्ही गुडघे फुटलेले होते. तळहात सोलवटलेले. विजार रक्ताने चिकटली होती, ती मी पाण्याने भिजवून सोडवली. कुठे पडलात विचारलं, तर म्हणाले, जिन्यावर. बाकी काही बोलले नाहीत." तिने हात पदराला पुसले. "मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, पडले म्हणजे घाईत होते, घाईत होते म्हणजे काहीतरी चुकलं होतं. म्हणून विजारही जाळून टाकली मी."

भाचीने अहवाल मिटून टेबलावर ठेवला आणि आईजवळ जाऊन उभी राहिली.

बायकोचं सांगणं, दोन वर्षांनंतरचं, वस्तू नष्ट केलेली. चौकशीत याला कुणी हिंग लावून विचारलं नसतं, हे तिला कळत होतं. दीडशे प्रती छापून बांधून झाल्या होत्या. ती खुर्ची ओढून बसली. तिला तो अरुंद जिना दिसत होता आणि त्यावरून खाली येणारा, मध्येच कोसळून पुन्हा उठणारा तिचा धाकटा भाऊ. भावजयीने पाण्याचा पेला आणून तिच्यासमोर ठेवला आणि स्वतःही समोर बसली. मग तिघींनी मिळून, दोन वर्षांत कधी काढला नव्हता तो विषय काढला. त्या संध्याकाळी तो घरी आल्यावर नेमकं काय काय झालं, आधी काय आणि नंतर काय, ते भावजय सांगत राहिली आणि दोघी ऐकत राहिल्या.